आठवी ओळ

कर्नल ओफोसुहेने कधी आवाज चढवत नाहीत.
दारातच थांबतात, टोपी काखेत धरून, आणि म्हणतात,
"स्टाफ सार्जंट क्वोफी, एक बारीकसं काम होतं."

लेबनॉनला जाणाऱ्या पथकाची यादी माझ्या टेबलावर आहे.
आठ ओळी:
एक डॉक्टर, तीन नर्स, एक औषधवाला, एक लॅबवाला,
दोन मेडिकल असिस्टंट.
वर्षभराचा पगार डॉलरमध्ये, म्हणजे
कुणाच्या घरावर पत्रे,
कुणाच्या धाकट्याची तीन वर्षांची फी.
स्ट्रेचरवाल्याला या यादीत ओळच नसते.

सेवाज्येष्ठतेनं आठवी ओळ झिफा अग्बेकोची.
कर्नलसाहेबांच्या बहिणीची मुलगीही मेडिकल असिस्टंट आहे,
गुणी आहे, हेही खोटं नाही.
"झिफाला पुढच्या वेळी," ते म्हणाले,
जणू पुढची वेळ त्यांच्या खिशात होती
आणि फक्त सुटे नव्हते.

यादीचा नमुना बघायला मी जुनं कपाट उघडलं.
तामालेत हरमाटन सुरू झाला की
वाळवंट फायलींमध्येसुद्धा राहायला येतं.
फुंकर मारली, खोकले,
आणि हाती आला एकोणीस वर्षांपूर्वीचा कागद:
मेडिकल असिस्टंटच्या कोर्ससाठी निवड.
सहाव्या क्रमांकावर मी.
एसी क्वोफी. तेव्हा लाँड्रीत चादरी मोजणारी.

माझा मामा आणि मेजर ब्रू एकाच चर्चमध्ये गायचे.
मामानं शब्द टाकला होता, एवढंच मला ठाऊक.
मला वाटायचं शब्द टाकतात
तो विहिरीत टाकल्यासारखा; खाली कोण उभं असणार?

नावाखाली पांढऱ्या शाईचा पोपडा.
कागद खिडकीशी धरला.
धुळीतला सूर्य फिकट, चंद्रासारखा,
पण तेवढा पुरला.
अडोंगो, ए.
गुण बदलायचे मात्र राहून गेले होते:
माझ्या नावापुढे एक्याऐंशी.
मला चौसष्ट होते.
त्या एक्याऐंशीवर मी दोन बढत्यांच्या वेळी
सही केली आहे, डोळे उघडे ठेवून.

अडोंगो रोज सकाळी माझ्यासाठी कोको आणतो,
बाजरीची गरम पेज, आलं जरा जास्त.
त्याच्या खांद्यांना स्ट्रेचरनं घट्टे पाडलेत.
रात्री एखाद्या पोराची शीर सापडत नाही
तेव्हा नर्सा हळूच त्यालाच हाक मारतात;
सुई तो घालतो,
नोंद दुसऱ्याच्या नावावर.

आजही आला.
म्हणाला, चौदा नंबरचा ताप उतरला.
मी विचारलं, सहज विचारल्यासारखं,
"तू कधी कोर्सची परीक्षा दिली होतीस का रे?"
"दिली होती. टाकोराडीला."
"मग?"
"नापास झालो असणार."

असणार.
एकोणीस वर्षांत निकाल विचारायलाही
त्याला कुणी ओळखीचं नव्हतं.

तोंडातली पेज गिळता येईना.
तो म्हणाला, "आलं फार झालं का?"
मी म्हटलं, नाही.

दुपारी आठव्या ओळीत झिफा अग्बेको टाइप केलं,
तीनदा वाचलं, शिक्का मारला.
याला प्रायश्चित्त म्हणू नका.
झिफाला यातलं काही माहीत नाही,
तिची पाळी होती, ती तिला मिळाली.
ज्याचं देणं होतं
तो त्या वेळी अंगणात स्ट्रेचर धूत होता,
वाकून, कोपऱ्यांतलं रक्त बोटानं काढत.

उद्या कर्नलसाहेब दारात थांबतील,
टोपी काखेत धरून.
त्यांना काय सांगायचं ते ठरलंय.
त्याला काय सांगायचं, ते नाही.

कागद अजून टेबलावरच आहे,
कपाटाचं दार उघडं,
धूळ आत चाललीय.